गो भाषेतील एरर-रॅपिंगची पार्श्वभूमी

एरर-रॅपिंग म्हणजे मूळ एरर शाबूत ठेवून तिच्याभोवती संदर्भ गुंडाळणे. गो ही प्रोग्रॅमिंग भाषा नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर झाली, १.० आवृत्ती मार्च २०१२ मध्ये आली. या भाषेत जावासारखी एक्सेप्शन्स (चूक झाली की नेहमीचा क्रम तोडून वर जाणारी यंत्रणा) मुद्दामच ठेवलेली नाहीत. फंक्शन निकालासोबत एररही परत करते आणि ती ‘निल’ (रिकामी, म्हणजे चूक नाही) आहे का, हे कॉल करणाऱ्याने तपासायचे. एरर म्हणजे एकाच मेथडचा इंटरफेस, म्हणजे ती मेथड असलेला कोणताही टाइप एरर ठरतो. ती मेथड एक स्ट्रिंग देते, एवढेच.

हा साधेपणा छोट्या प्रोग्रॅममध्ये खुपत नाही. पण चार-पाच फंक्शन्स ओलांडून एरर जशीच्या तशी वर आली की लॉगमध्ये नुसते ‘अनएक्स्पेक्टेड ईओएफ’ (डेटा अनपेक्षितपणे संपला) उमटते. कुठली फाइल वाचताना, कोणत्या कनेक्शनवर, कशाचाच पत्ता नाही. मजकूर घडवणाऱ्या एफएमटी पॅकेजच्या ‘एररएफ’ फंक्शनने पुढे संदर्भ जोडता येई, पण मग मूळ एरर मजकुरात विरघळून जाई आणि ती ईओएफच होती का, हे कोडला विचारता येत नसे. मग लोक मेसेजमधले शब्द शोधून निर्णय घेत. यापेक्षा ठिसूळ कोड क्वचितच लिहिला जात असेल.

गंमत म्हणजे उपाय घरातच होता. स्टँडर्ड लायब्ररीतील ‘पाथएरर’ हा फाइलसंबंधीच्या एररचा टाइप कोणती क्रिया, कोणता पाथ आणि आतली मूळ एरर, असे तिन्ही जपून ठेवत असे. फक्त ही सोय त्या-त्या टाइपपुरती होती. सर्वांसाठी एक ठरलेली पद्धत नव्हती. जुजू प्रकल्पाने आणि हॅशीकॉर्पने आपापल्या लायब्रऱ्या काढल्या, पण सर्वदूर पोचली ती गो प्रोग्रॅमर डेव्ह चेनी यांची ‘पीकेजी एरर्स’. २०१६ मध्ये त्यांनी भाषणांतून आणि लेखनातून तिच्यामागचा विचार मांडला: एरर नुसती तपासू नका, नीट हाताळा, आणि हाताळायची ती एकदाच.

लायब्ररी अगदी आटोपशीर होती. ‘रॅप’ला एरर आणि मेसेज दिला की मूळ एरर आत शाबूत राही, वर त्या क्षणाचा स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी) मिळे. ‘कॉज’ थेट तळाच्या एररपर्यंत नेई. मला सर्वांत हुशारीचे वाटते ते हे की, ‘कॉज’ नावाची मेथड असलेला कोणताही टाइप या साखळीत बसे. त्यासाठी ही लायब्ररी इम्पोर्ट करण्याचीही गरज नव्हती. एरर हा मुळात इंटरफेस असल्यानेच हे बाहेरून, भाषेला हात न लावता जमले.

ऑगस्ट २०१८ मध्ये गो टीमने ‘गो २’चे मसुदे मांडले. त्यातली एरर हाताळण्याची नवी सिंटॅक्स बारगळली, तिच्या जागी आलेला ‘ट्राय’चा प्रस्तावही २०१९ मध्ये मागे घेतला गेला. रॅपिंग मात्र टिकले. सप्टेंबर २०१९ च्या १.१३ आवृत्तीत एक थर उलगडणारे ‘अनरॅप’, साखळीत ठराविक एरर शोधणारे ‘इज’, ठराविक टाइप शोधणारे ‘अ‍ॅज’ आणि मूळ एरर गुंडाळण्यासाठी ‘एररएफ’मध्ये टक्का-डब्ल्यू हे चिन्ह आले. ‘कॉज’ एकदम तळ गाठत असे, तर ‘इज’ आणि ‘अ‍ॅज’ वाटेतला प्रत्येक थर तपासतात. ही सुधारणाच म्हणायची. टक्का-डब्ल्यूने एक जबाबदारीही आणली: आतली एरर एकदा उघडी केली की ती तुमच्या एपीआयचा (इतरांचा कोड ज्यावर विसंबतो त्या भागाचा) भाग होते, उद्या डेटाबेस बदलला तरी लोक जुन्याच एररची वाट पाहत राहतात.

चेनींची लायब्ररी डिसेंबर २०२१ मध्ये अर्काइव्ह झाली, म्हणजे केवळ वाचनापुरती उरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये गोच्या १.२० आवृत्तीने ‘जॉइन’ देऊन एका एररमध्ये अनेक एरर गुंडाळायची सोय केली. पण स्टॅक ट्रेस राहिलाच. त्याची माहिती गो टीमच्या प्रायोगिक ‘एक्सएरर्स’ पॅकेजमध्ये होती, तो १.१३ साठी विचारातही होता, तरी शेवटी वगळला गेला. म्हणूनच ‘कॉक्रोचडीबी’ या डेटाबेसच्या एरर्ससारख्या लायब्रऱ्यांना अजून काम आहे.