बुलेट ३५० (जुने बिडाचे इंजिन): इंजिन व गिअर यंत्रणेची फेरजोडणी

रॉयल एन्फील्डच्या जुन्या बुलेटचे खोललेले इंजिन आणि अल्बियन कंपनीचा गिअरबॉक्स तपासून पुन्हा जोडण्याचे काम. गॅरेजच्या भाषेत याला ‘फुल इंजिन’ म्हणतात. नुसते हेड व सिलिंडर उतरवले तर ‘हाफ इंजिन’. ही नोंद उजव्या पायाला गिअर असलेल्या चार गिअरच्या गाडीपुरती आहे. नंतरच्या डाव्या पायाच्या पाच गिअरच्या गाड्यांना यातला गिअरबॉक्सचा भाग लागू नाही.

इंग्लंडमधील रेडिच येथे १९४९ पासून बनू लागलेली ही गाडी १९५५ मध्ये मद्रासला आली आणि भारतातच जास्त काळ टिकली. ७० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), ३४६ सीसी, बिडाचा सिलिंडर, वर अॅल्युमिनियमचे हेड. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडलेले असले तरी आतून वेगळे, म्हणून तेलही वेगळे. इंजिनाच्या तेलासाठी निराळी टाकी नाही. क्रँकच्या मागे चेंबरच्याच (क्रँकभोवतीच्या कवचाच्या) ओतकामात तिची जागा आहे. तीत सुमारे २ लिटर तेल मावते.

जोडण्यापूर्वी

सुटे भाग काढतानाच डाव्या-उजव्या, पुढच्या-मागच्या खुणा कराव्यात. पुशरॉड, टॅपेट व रॉकर कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेतात. पुशरॉड, टॅपेट, रॉकरच्या बेअरिंगचे वरचे-खालचे अर्धे तुकडे हे एकत्र झिजलेले असतात. रॉकरच्या तुकड्यांची अदलाबदल झाली की टोप्या घट्ट करताच रॉकर जड फिरतो, किंवा ढिला राहून वाजतो. चेंबरची दोन्ही तोंडे काचेवर घासून पाहावीत. पेचकस घालून उचकटलेले चेंबर कितीही पॅकिंग लावले तरी गळते, हे बहुतेक गाड्यांत दिसते.

क्रँक आणि टायमिंग

चेंबर सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत सारखे तापवले की बेअरिंग हाताने दाबून बसते. थंड चेंबरात हातोड्याने ठोकलेले बेअरिंग तिरके जाते आणि घर खराब करते. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन व क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) मोठ्या टोकाला या इंजिनात रोलर नसून तरंगता बुश असतो. तो तेलाच्या पडद्यावरच जगतो, त्यामुळे पुढचे सगळे काम तेल तिथवर पोहोचते की नाही याभोवती फिरते.

टायमिंग पिनियन (क्रँकवरचे, कॅमची चाके फिरवणारे छोटे चाक) धरून ठेवणारा आणि तेलपंप फिरवणारा वर्म नट (मळसूत्री दात्यांचा नट) उलट्या आट्यांचा आहे. सवयीने सरळ दिशेला जोर दिला की काढताना तो अधिकच आवळला जातो आणि शेवटी आटे जातात. कॅमची चाके खुणेला खूण लावून बसवावीत आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. कुठे अडले तर जोर न लावता परत खोलावे.

टायमिंग कव्हरच्या आत बुचाची एक छोटी चकती असते. कव्हरमधून क्रँकमध्ये जाणारे तेल तिथे बाहेर निसटू नये एवढेच तिचे काम. ती जुनी, कडक किंवा तिरकी असेल तर तेल बाजूलाच वाहून जाते, मोठ्या टोकाचा बुश कोरडा पडतो आणि काही शे किलोमीटरांत खालून ठक-ठक सुरू होते. चकती थोडी वर उठलेली असावी, म्हणजे कव्हर बसताना ती दाबली जाते. किंमत नगण्य असल्यामुळेच ती बदलायची राहते. कव्हर बसवताना इंजिन पुढच्या दिशेने सावकाश फिरवत दाबावे, म्हणजे पंपाचे दाते वर्ममध्ये आपोआप अडकतात. बोल्टने ओढून घेतले तर दाते मोडतात. परतीचा पंप पुरवठ्याच्या पंपापेक्षा मोठा असतो, त्यामुळे क्रँकखाली तेल साचत नाही. पंपांच्या चकत्यांवर ओरखडे असले तर गाडी नुसती उभी असतानाही टाकीतले तेल क्रँकमध्ये झिरपते आणि पहिल्या किकला धुराचा लोट येतो.

सिलिंडर, हेड, टॅपेट

चेंबरच्या तोंडात फडके कोंबूनच गजन पिनचे (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनचे) सर्क्लिप लावावेत. रिंगांची तोंडे एकाखाली एक येऊ देऊ नयेत. बोअरमध्ये सरळ ढकलून मोजलेली फट ०.३ मिमीच्या आसपास असावी. सिलिंडरचा एक नट टॅपेटच्या कप्प्यात लपलेला असतो. काढताना तो विसरला तर सिलिंडर हलत नाही आणि लोक त्याचे पंखे (थंडाव्यासाठीच्या पात्या) तोडतात. बसवताना विसरला तर बुडाच्या पॅकिंगमधून तेल येते. हेडचे नट तिरप्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळावेत.

टॅपेट गार इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून लावतात. फट शून्य: पुशरॉड दोन बोटांत सहज फिरावा, पण वर-खाली खेळू नये. आवाज बंद करण्यासाठी घट्ट केलेला टॅपेट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतो. पॉइंटची (ठिणगीसाठी उघड-बंद होणाऱ्या संपर्काची) फट ०.३५ ते ०.४० मिमी. ठिणगीची वेळ साधारणपणे पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी असताना, अॅडव्हान्स यंत्रणा (वेगाबरोबर ठिणगी आधी पाडणारी) पूर्ण मागे ठेवून धरतात.

क्लच आणि प्रायमरी

प्रायमरी (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या) साखळीला जोड नसतो, म्हणून इंजिनाचे चाक, साखळी आणि क्लचचा ड्रम एकदमच सरकवावे लागतात. मध्यभागी साखळीचा खेळ सुमारे ६ मिमी ठेवावा. एक फेरा फिरवून सर्वांत ताठ जागी मोजावा. बाहेरचे कव्हर एकाच मोठ्या नटावर असते. गळते म्हणून तो आणखी आवळला की कव्हर वाकते आणि जास्त गळते. उपाय रबराची कडी बदलणे हाच.

गिअरबॉक्स

अल्बियन पेटीत मेनशाफ्ट व लेशाफ्ट (गिअरची चाके असलेले दोन दांडे) यांवरची सरकती चाके एकच फोर्क (दुबेळका भाग) हलवतो. फोर्क दोन्ही खाचांत नीट बसला आहे, हे आतले कव्हर लावण्यापूर्वी चारही गिअर हाताने टाकून पाहावे. चाकांच्या डॉगचे (बाजूला असलेल्या, एकमेकांत अडकणाऱ्या दातांचे) कोपरे गोल झाले असतील किंवा जागा धरणाऱ्या प्लंजरची स्प्रिंग मऊ पडली असेल तर गिअर सुटतो. किक मोकळी घसरत असेल तर लेशाफ्टच्या पहिल्या गिअरमधले दाते आणि किकचा खटका पाहावा. दोघांपैकी एकच नवा घालून फार दिवस निभत नाही.

या गाडीचा पहिला गिअर वर, बाकी तीन खाली. पायाचा ठोका किती पुढे जावा हे दोन नटांवर सरकणारी एक पट्टी ठरवते. जोडणी अचूक असूनही दोन गिअरच्या मधे गाडी मोकळी पडते, ती बहुधा या पट्टीमुळे. वर टाकताना गिअर चुकतो की खाली टाकताना, हे पाहून पट्टी केसभर सरकवावी आणि दोन्ही दिशांना पुन्हा तपासावे. टाचेने दाबायचा न्यूट्रलचा छोटा लिव्हर पहिल्या गिअरमधून चालत नाही, हा दोष नव्हे. त्याची रचनाच तशी आहे.

मूळ पेटी मऊ ग्रीसवर चालण्यासाठी बनवली होती. पातळ तेल भरले तर ते शाफ्टच्या कडेने बाहेर येते, म्हणून मेकॅनिक बहुधा ग्रीसमध्ये थोडे गिअर ऑइल मिसळतात.

पहिली किक

प्लग काढून, किक मारत तेल फिरवून घ्यावे. हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट किंचित ढिला करून तिथे तेल झिरपते का पाहावे. इंजिन चालू झाल्यावरही मिनिटभरात तिथे तेल दिसले नाही तर ताबडतोब बंद करून टायमिंग कव्हर खोलावे आणि बुचाची चकती पाहावी. पहिल्यांदा तापून पूर्ण गार झालेल्या इंजिनाचे हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा लावावेत, या क्रमाने. नट आवळले की टॅपेटची फट बदलते.