चेकनाक्याच्या पलीकडे प्रोबेट लागायचं, ठाण्यात का नाही?

ठाण्यात कुणाचे वडील गेले आणि कपाटात मृत्युपत्र सापडलं की नातेवाइकांचे सल्ले सुरू होतात, त्यातला एक हमखास असतो, "आधी प्रोबेट काढा". सांगणारा बहुतेक दादरचा मामा नाहीतर मुलुंडचा साडू, त्याने स्वतः हायकोर्टात खेपा घालून प्रोबेट काढलेलं असतं म्हणून तो छातीठोकपणे सांगतो आणि त्याच्यापुरतं ते बरोबरच होतं. पण नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या हिंदू माणसाने तिथेच बसून तिथल्याच फ्लॅटसाठी केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. लोकांचे महिनेच्या महिने आणि वकिलाची फी यात उगाच जाते म्हणून हे मुळापासून लिहितोय.

प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे आणि रीतसर केलेलं आहे यावर कोर्टाचं शिक्कामोर्तब. ही पद्धत इंग्रजांची. 1726 च्या सनदेने मुंबईत मेयर्स कोर्ट आलं आणि त्याला प्रोबेट द्यायचे अधिकार मिळाले, तेव्हा मुंबई म्हणजे फक्त ते बेट, शेजारचं साष्टी बेट मराठ्यांकडे जायच्या बेतात होतं आणि ठाणं इंग्रजांनी घेतलं ते 1774 च्या अखेरीस. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात मृत्युपत्र ही कल्पनाच नव्हती, एकत्र कुटुंबाची मालमत्ता वाटणीने जायची, लिहून ठेवायचा प्रश्न कुठे येतो. पण मुंबई, कलकत्ता, मद्रासमध्ये स्वतःच्या कमाईवर मोठे झालेले व्यापारी इंग्रजांचं बघून मृत्युपत्रं करायला लागले, त्यावरून भांडणं कोर्टात गेली आणि शेवटी 1870 मध्ये हिंदू विल्स ॲक्ट आला. तो लागू कुठे, तर बंगालचा इलाखा आणि मुंबई-मद्रास ही शहरं. ठाणे जिल्हा बाहेर राहिला, आणि सगळा घोळ इथून सुरू होतो.

1925 च्या भारतीय वारसा कायद्याने तीच हद्द जशीच्या तशी उचलली. कलम 57 मध्ये हद्द, कलम 213 मध्ये सक्ती. मृत्युपत्र मुंबई हायकोर्टाच्या मूळ दिवाणी हद्दीत, म्हणजे जिथले दिवाणी दावे थेट हायकोर्टात दाखल होऊ शकतात त्या मुंबई शहराच्या हद्दीत, केलेलं असेल किंवा त्या हद्दीतल्या घर-जमिनीबद्दल असेल तर प्रोबेटशिवाय कोर्टात त्यावर हक्क सांगता येत नाही. पुढे बृहन्मुंबई वाढत वाढत मुलुंड-दहिसरपर्यंत आली तशी ही हद्दही सरकली आणि मुलुंड-ठाण्याच्या वेशीवरच्या चेकनाक्याला येऊन थांबली. म्हणजे एलबीएस रोडवर नाक्याअलीकडची बिल्डिंग मोकळी आणि पलीकडची अडकलेली, कायदा तोच, माणसं तीच! आणि ठाण्यातल्या माणसाचा गिरगावात वडिलोपार्जित खोलीत हिस्सा असला तर तेवढ्यासाठी तोही अडकायचा, हे बऱ्याच जणांना शेवटी कळायचं.

एक गोष्ट मात्र ठाण्यालाही लागू झाली. 1 जानेवारी 1927 पासून कुठल्याही हिंदूने कुठेही केलेल्या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि दोघांनी करणाऱ्याला सही करताना बघितलेलं असावं लागतं, किंवा ही सही माझीच असं त्याने त्यांना सांगितलेलं असावं लागतं. रजिस्ट्रेशन ऐच्छिक, स्टॅम्प ड्युटी नाही, साधा कागद चालतो. खरी मृत्युपत्रं पडतात ती इथे, प्रोबेटमुळे नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात दुसऱ्या साक्षीदाराची सही दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन घेतली होती, त्याने सही होताना बघितली नव्हती की आजोबांशी बोलणंही झालं नव्हतं, मृत्युपत्र अगदी नीट टाइप केलेलं, प्रत्येक पानावर आजोबांची सही, आणि उलटतपासणीत दहा मिनिटांत सगळं गेलं. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण घ्या, पुढे कोर्टात किमान एकाला उभं राहावं लागू शकतं.

आता डिसेंबर 2025 मध्ये संसदेने कलम 213 च काढून टाकलं. दीडशे वर्षांहून जुनी हद्द गेली, मुंबईतही प्रोबेट आता सक्तीचं नाही. ते बंद झालेलं नाही, ज्याला हवं त्याला अजून काढता येतं, आणि भावाभावांत वाद दिसत असेल तर मी म्हणेन काढाच, कारण प्रोबेट मिळालं की तो निकाल सगळ्या जगाला लागू होतो. पण सोसायटीच्या ऑफिसात जुना छापील फॉर्म पुढे करून "प्रोबेट आणा" म्हणणं आता मुंबईतही बरोबर नाही, ठाण्यात तर आधीही नव्हतं.

नवी मुंबईचं दुखणं वेगळं. तिथे शहरासाठी जमिनी गेलेल्या गावकऱ्यांना सिडकोचे साडेबारा टक्क्यांचे प्लॉट वाटले गेले तेव्हा एका सातबाऱ्यावर वीस-वीस वारस, मग सगळ्यांनी मिळून बिल्डरला नाहीतर एका भावाला पॉवर ऑफ ॲटर्नी द्यायची आणि मोकळं व्हायचं, असं चालायचं. देणारा गेला की साधारणपणे पॉवर ऑफ ॲटर्नीही संपते, तो 1872 च्या करार कायद्यातला नियम आहे, आणि 2011 मध्ये सूरज लॅम्प केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की नुसत्या पॉवर ऑफ ॲटर्नीवर मालकी बदलत नाही. तरी गावठाणात अजून म्हातारी माणसं "पॉवर दिलीय ना पोराला, मृत्युपत्र कशाला" म्हणतात. ती पॉवर आजोबा आहेत तोपर्यंत, त्यानंतर घरात मृत्युपत्र नसेल तर सगळे वारस पुन्हा एका टेबलावर, वारस दाखल्यापासून सुरुवात, आणि त्यात लग्न होऊन गेलेल्या आत्याही आल्या.