मेमरी मिळाली नाही, तर कर्नल काय करतो?

मोबाईलवरचं एखादं अ‍ॅप मध्येच बंद पडलं, की त्यानं घेतलेली मेमरी, उघडलेल्या फाइली, सगळा पसारा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, आवरून टाकतो. पण खुद्द कर्नलचंच काम अर्ध्यावर अडलं, तर त्याच्यामागे आवरायला कोणी नसतं. म्हणून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये जिथे जिथे मेमरी मागितली जाते, तिथे ‘नाही मिळाली तर?’ याचं उत्तरही लिहून ठेवावं लागतं.

त्या उत्तराचा साचा ठरलेला आहे. चौथ्या पायरीवर अडलं, तर तिसरी, दुसरी, पहिली अशा उलट क्रमानं घेतलेलं सगळं परत करायचं. कर्नल सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला आहे, आणि तिच्यात यासाठी कर्नलवाले सर्रास ‘गोटू’, म्हणजे कोडमधल्या दुसऱ्या ठिकाणी थेट उडी मारायची आज्ञा, वापरतात. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये ज्या गोटूला झोडपलं, तोच इथे शिस्तीचं साधन झाला आहे, आणि मला तरी त्यात काही वावगं वाटत नाही. मात्र उडी चुकीच्या पायरीवर पडली, की एकतर काहीतरी परत करायचं राहून जातं आणि मेमरी गळत राहते. नाहीतर एकच जागा दोनदा परत केली जाते. दुसरी चूक जास्त घातक. तोवर ती जागा दुसऱ्या कुणाला दिलेली असू शकते, आणि हल्लेखोर अशीच फट शोधत असतात.

खरी गोम पुढे आहे. हा आवराआवरीचा कोड चालतो तरी कधी? २०१४ च्या डिसेंबरात लिनक्सच्या विकासकांत यावरून मोठी चर्चा झाली. कर्नल मेमरी ‘पानां’च्या ठरावीक तुकड्यांत वाटतो. आठ पानांपर्यंतची, म्हणजे साधारण ३२ किलोबाइटपर्यंतची मागणी असेल, तर कर्नल सहसा ‘नाही’ म्हणतच नव्हता. मिळेपर्यंत प्रयत्न करत राहायचा. त्यातून एक विचित्र कोंडी व्हायची. एक काम लॉक (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरून मेमरी मागतंय. मेमरी मोकळी व्हावी म्हणून कर्नल दुसऱ्या एका प्रोग्रॅमला मारायला निघतो. आणि तो प्रोग्रॅम मरण्याआधी त्याच लॉकची वाट पाहत बसलेला! कुणीच हलत नाही. मग सरळ नकार का देऊ नये? कारण नकारानंतर चालायचा तो कोड वर्षानुवर्षं कधी चाललेलाच नव्हता. त्यात काय दडलं असेल, याची खात्री कोण देणार?

म्हणून आता अपयश मुद्दाम घडवून आणतात. कर्नलला सांगता येतं, की या कामातली पहिली मागणी नाकार. पुढच्या वेळी दुसरी, मग तिसरी. गूगलचं सिझकॉलर हे चाचणी-साधन हीच सोय वापरून एरवी न चालणाऱ्या वाटा चालवून बघतं.

चाचणीनं चूक सापडते, पण रचनाच चुकली असेल तर ती पुन्हा पुन्हा सापडत राहते. याचं बोलकं उदाहरण म्हणजे एममॅप. फाइल किंवा मोकळी मेमरी प्रोग्रॅमच्या पत्त्यांच्या नकाशात बसवून देणारी ही सेवा. तिच्या पोटातलं फंक्शन आधी नव्या भागाची नोंद तयार करायचं, मग फाइल ज्याची असेल त्या ड्रायव्हरला (ते उपकरण किंवा फाइल-व्यवस्था हाताळणाऱ्या कोडला) हाक मारायचं, आणि त्यानंतरही काही तपासण्या शिल्लक ठेवायचं. नोंद नकाशात टाकायला लागणारी मेमरीसुद्धा ड्रायव्हरनं आपलं काम उरकल्यावर मागितली जायची. एवढ्या उशिरा काही फसलं, तर ड्रायव्हरनं काय काय केलं होतं ते उलटवणार कसं? सुरक्षा-संशोधक यान हॉर्न यांनी यातले दोष दाखवून दिले आणि २०२४ च्या अखेरीस कर्नलचे विकासक लोरेन्झो स्टोक्स यांनी फंक्शनची मांडणी बदलली. आवराआवरी हुशार करण्यापेक्षा त्यांनी तिची गरजच कमी केली: तपासण्या आधी, लागणारी मेमरीही आधी, आणि ड्रायव्हरला हाक त्यानंतर. मांडव घातल्यावर मुहूर्त नाही असं कळण्यापेक्षा पंचांग आधी उघडलेलं बरं.

तरीही ड्रायव्हर स्वतःच फसण्याची शक्यता उरतेच. पूर्वी अशा वेळी अर्धवट तयार झालेल्या नोंदीवर त्याच ड्रायव्हरचं ‘बंद करा’ फंक्शन चालवलं जाण्याचा धोका होता. आता ड्रायव्हरनं चूक कळवली, की कर्नल त्या नोंदीवरची त्याची सगळी फंक्शनं काढून तिथे रिकामा संच बसवतो, म्हणजे चुकूनही काही चालणार नाही.

२०२५ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या ६.१६ आवृत्तीत याच्याही पुढे जाऊन ‘एममॅप प्रिपेअर’ ही नवी सोय आली. तिच्यात ड्रायव्हरच्या हातात खरी नोंद पडतच नाही, फक्त होऊ घातलेल्या भागाचं वर्णन मिळतं. त्यानं नकार दिला तर उलटवायला फारसं काही नसतंच. जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर मात्र ढिगानं आहेत, आणि ते एकेक करून बदलावे लागतात.