‘ई’ आकाराचे इंग्रजी वाडे राणीच्या नावावरून नाहीत

एलिझाबेथकालीन इंग्रजी वाड्यांचा नकाशा रोमन ‘ई’सारखा (E) दिसतो तो पहिल्या एलिझाबेथ राणीच्या मानार्थ, असं सर्रास सांगितलं जातं. खरं कारण जुन्या दिवाणखान्यात आहे. मध्ययुगीन वाड्याचं दार मधोमध नसे. ते दिवाणखान्याच्या टोकाला, लाकडी आडोशामागच्या बोळात उघडे. बोळाच्या पलीकडे कोठी आणि मुदपाकखाना. रेनेसाँसमुळे, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनामुळे, सममितीची ओढ लागली, तेव्हा हेच दार देवडीसह दर्शनी भिंतीच्या मध्यावर आलं आणि दोन्ही टोकांचे भाग पुढे काढले. झाला ‘ई’! सॉमरसेटमधल्या माँटेक्यूट वाड्यात (सुमारे १६०१) बाहेरून काटेकोर सममिती, पण आत दिवाणखाना एकाच बाजूला. टोकं मागेही वाढवली की ‘एच’ होतो. हार्डविक हॉलच्या (१५९०–९७) मनोऱ्यांवरची ‘ई एस’ अक्षरंसुद्धा मालकीण एलिझाबेथ श्रूजबरीची आहेत, राणीची नव्हेत.