लेझर बॉम्बचा लेझर काहीच जाळत नाही

विमानातून लाल किरण निघतो आणि बंकर उडतो, असं ग्राफिक टीव्हीवर अजून दाखवतात. मुळात हा किरण डोळ्यांना दिसतच नाही. यासाठी नेहमी वापरतात त्या निओडिमियम-याग लेझरची तरंगलांबी 1064 नॅनोमीटर, म्हणजे तो अवरक्त. पल्समागे, म्हणजे प्रकाशाच्या एका क्षणिक झोतामागे, साधारण 80 मिलिज्यूल ऊर्जा आणि सेकंदाला दहा-वीस पल्स धरले, तर सरासरी शक्ती जास्तीत जास्त दीड-पावणेदोन वॅट. पल्स फक्त 20 नॅनोसेकंदांचा असल्याने त्या क्षणापुरती शक्ती 4 मेगावॅट होते, आणि लक्ष्यावरून विखुरलेला प्रकाश काही किलोमीटरवरून पकडता येतो. जाळपोळ दारूगोळा करतो. लेझर लक्ष्यावर ठिपका पाडून फक्त जागा दाखवतो, आणि बॉम्ब त्या ठिपक्याकडे वळत जातो.

क्लोज एअर सपोर्टमध्ये, म्हणजे जमिनीवर लढणाऱ्या सैन्याला विमानांनी दिलेल्या मदतीत, आपले जवान शत्रूपासून काहीशे मीटरवर असतात, म्हणून जागा दाखवणं महत्त्वाचं. पल्समधलं अंतर चार आकडी कोडने ठरतं. पेव्हवे-2 या अमेरिकी प्रकारच्या लेझर बॉम्बवर तो कोड उड्डाणाआधी जमिनीवरच लावावा लागतो. जमिनीवरच्या डेझिग्नेटरचा, म्हणजे ठिपका पाडणाऱ्या लेझर उपकरणाचा, कोड वेगळा असेल, तर बॉम्बला तो ठिपका नसल्यासारखाच.

खरी गंमत बॉम्बच्या नाकात आहे. तिथलं डोकं सांध्यावर सैल बसवलेलं असतं आणि मागच्या कड्यामुळे ते वाऱ्याच्या रोखाने वळतं. म्हणजे बॉम्बचं तोंड कुठेही असो, डोकं बघतं ते बॉम्ब जिकडे चाललाय तिकडे. आतल्या सिलिकॉन डिटेक्टरचे चार समान भाग असतात. परतलेला प्रकाश त्यावर मुद्दाम थोडा पसरट पाडतात. चारही भागांत सारखा आला, तर मार्ग बरोबर. वरच्या दोन भागांत आणि खालच्या दोन भागांत फरक पडला की पुढचे पंख वळतात. डाव्या-उजव्या बाजूंचंही तसंच. पण किती वळायचं याला मधली पायरीच नाही, एकतर पूर्ण, नाहीतर शून्य. प्रत्येक झटक्याला वेग खर्च होतो. लेझर फार लवकर लावला, तर बॉम्ब आधीच नाक खाली करतो, वेग गमावतो आणि लक्ष्याच्या अलीकडे पडतो. म्हणून बरेचदा शेवटची दहाएक सेकंदंच लेझर लावतात.

चुका बहुतेक ठिपक्याच्या. किरण 0.3 मिलिरेडियन फाकत असेल, तर 5 किलोमीटरवर ठिपका दीड मीटरचा होतो. उतारावर तिरका पडला की तो लांबट होतो, आणि कडेवरून सांडला तर मागच्या डोंगरावर पडतो. धूर-धुळीत किरण वाटेतच विखुरतो आणि बॉम्ब त्या धुळीलाच लक्ष्य समजू शकतो. विमानाची दिशा डेझिग्नेटर-लक्ष्य रेषेच्या 60 अंशांत असावी, पण त्या रेषेच्या दोन्हीकडच्या 10 अंशांत नको; नाहीतर बॉम्ब लेझर लावणाऱ्याकडेच वळायचा. ‘शंभर टक्के अचूक’ म्हणणाऱ्या जाहिरातींत हे कधी येत नाही.

24 जून 1999 रोजी टायगर हिलवर मिराज 2000 ने 1000 पौंडी लेझर बॉम्ब टाकले, तेव्हा ठिपका विमानावरच्या इस्रायली लायटनिंग पॉडने, म्हणजे विमानाखाली टांगलेल्या कॅमेरा-लेझरच्या उपकरणाने, धरला होता. खाली कुणी लेझर घेऊन बसायची गरज नव्हती, पण ढग आले की ही सोयही संपते. म्हणून पुढच्या बॉम्बमध्ये लेझरच्या जोडीला जीपीएस आलं. पळत्या ट्रकला मात्र अजूनही बहुतेकदा ठिपकाच लागतो, कारण साधा जीपीएस बॉम्ब आधी दिलेल्या जागीच जातो, मग तिथे ट्रक असो वा नसो.