दोन कॅमेरे, एक अंगण

सोनीने २०१३ मध्ये ए७आर आणि २०१४ मध्ये ए७एस असे दोन कॅमेरे आणले. दोन्हींचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, सारख्याच आकाराचा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा: साधारण ३६ बाय २४ मिलिमीटर. फरक पिक्सेलच्या, म्हणजे त्यावरच्या प्रकाश टिपणाऱ्या बारीक चौकोनांच्या, संख्येत. ए७आरमध्ये ३६ मेगापिक्सेल, ए७एसमध्ये १२. कमी उजेडात काढलेले दोन्हींचे फोटो संगणकावर शंभर टक्के झूम करून (फोटोतला एक पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका) पाहिले, की ए७आरच्या फोटोत रंगीत ठिपक्यांची किरकिर, म्हणजे नॉइज, जास्त दिसतो. पिक्सेल लहान झाले की फोटो बिघडतो, असा निष्कर्ष त्यावरून सर्रास काढला जातो. पण इथे तुलनेतच गफलत आहे. शंभर टक्के झूमला ए७आरचा फोटो पावणेदोन पट रुंद झालेला असतो. एक फोटो हातभर अंतरावरून पाहावा आणि दुसरा नाकाला लावून, तसं हे.

नॉइज मुळात येतो कुठून? शहाबादी फरशीचं अंगण डोळ्यांसमोर आणा: अंगण म्हणजे सेन्सर, एकेक फरशी म्हणजे पिक्सेल. पावसाचे पहिले टपोरे थेंब पडू लागलेत. एका फरशीवर नऊ थेंब, शेजारच्या तेवढ्याच फरशीवर तेरा. प्रकाशही असाच कणाकणांनी आणि कसाही विखरून पडतो. एका पिक्सेलवर सरासरी १०० कण पडत असतील, तर त्यात साधारण १० कणांचं कमीजास्त होतं, म्हणजे १० टक्के. १०,००० पडत असतील तर कमीजास्त १०० कणांचं, म्हणजे अवघं १ टक्का. हे कमीजास्त संख्येच्या वर्गमुळाएवढं असतं. म्हणून भर उन्हातला फोटो नितळ दिसतो आणि अंधारातला दाणेदार. सेन्सर कितीही उत्तम बनवला तरी हा नॉइज राहतोच, कारण प्रकाशाचा स्वभावच तसा आहे.

आता त्याच अंगणात एका मोठ्या फरशीच्या जागी तीन लहान फरश्या बसवा. प्रत्येकीवर थेंब कमी, म्हणून फरशीफरशीतली तफावत जास्त उठून दिसणार. पण अंगणात पडलेला पाऊस तेवढाच आहे! तीन फरश्यांचे थेंब एकत्र मोजले की मोठ्या फरशीचाच आकडा येतो. ए७आरचा फोटो १२ मेगापिक्सेलवर आणला, किंवा दोन्हींचे सारख्याच मापाचे प्रिंट काढले, की नेमकं हेच घडतं आणि नॉइजमधला बहुतेक फरक मावळतो. कॅमेरे तपासणाऱ्या डीएक्सओमार्कनेही म्हणूनच सगळ्या कॅमेऱ्यांचे आकडे ८ मेगापिक्सेलच्या समान प्रिंटवर आणून मांडायची पद्धत ठेवली.

एक अपवाद मात्र खरा आहे. प्रत्येक फरशीवरचे थेंब मोजताना, म्हणजे कॅमेरा प्रत्येक पिक्सेल वाचतो तेव्हा, थोडी चूक होते, आणि फरश्या जास्त तितक्या चुका जास्त. पाऊस धो धो असताना ती चूक कुणाला जाणवत नाही, पण मोजकेच थेंब पडलेले असताना तीच मोठी ठरते. अगदी मिट्ट अंधारात, फार वरच्या आयएसओवर (फोटो किती उजळ करायचा ते ठरवणारा कॅमेऱ्यातला आकडा), ए७एस पुढे जातो तो यामुळे.

खरा वाद आहे तो अंगणाच्या आकाराचा. वरच्या दोन कॅमेऱ्यांसारख्या ३६ बाय २४ च्या, म्हणजे फुल फ्रेम, सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, तर मायक्रो फोर थर्ड्स या लहान प्रकारच्या सेन्सरचं सुमारे २२५, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. एकाच एफ-आकड्यावर (लेन्सची लांबी भागिले तिच्या छिद्राचा व्यास) आणि एकाच शटर वेगावर मोठा सेन्सर चौपट प्रकाश गोळा करतो आणि जिंकतो. पण त्याच वेळी त्याच्या फोटोत कमी खोलीपर्यंतचंच स्पष्ट दिसतं. देवळाच्या सभामंडपात पुढच्या खांबापासून गाभाऱ्यापर्यंत सगळं स्पष्ट हवं असेल, तर छोट्या सेन्सरवर २५ मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर ठेवा आणि मोठ्यावर ५० मिलिमीटरची एफ/४ वर. दोन्हींच्या छिद्राचा व्यास १२.५ मिलिमीटरच. दृश्य तेवढंच, स्पष्टतेची खोली तेवढीच आणि शटर सारखा ठेवला तर आत येणारा एकूण प्रकाशही तेवढाच. मोठ्या सेन्सरचा फायदा इथे जवळपास संपतो. पार्श्वभूमी धूसर हवी असेल किंवा ट्रायपॉडवर हवा तेवढा वेळ शटर उघडा ठेवता येत असेल, तर तो फायदा परत मिळतो. म्हणजे ‘कोणता कॅमेरा चांगला’ याआधी ‘कोणता फोटो काढायचाय’ हे ठरवावं लागतं. बहुतेक तुलना मला इथेच घसरलेल्या दिसतात.

आयएसओचा आकडा दोन्हीकडे सारखा लावला म्हणजे न्याय झाला, असंही नाही. आयएसओ १२२३२ या प्रमाणकात तो ठरवायच्या एकाहून अधिक पद्धती आहेत आणि एका पद्धतीत उत्पादकालाच आपला आकडा सुचवायची मुभा आहे. त्यामुळे उजेड, शटर आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, जुळवावं, आयएसओच्या आकड्यावर विसंबू नये.

घरी करून पाहायचं असेल तर पैठणीचा काठ, बारीक अक्षरांचं वर्तमानपत्र आणि सावलीत ठेवलेलं काळं कापड एवढं पुरतं. कॅमेरा नॉइज पुसायला गेला की जरीचे बारीक धागे आधी लिंपले जातात, आणि मऊ झालेला तो काठ पाहून आपण ‘किती स्वच्छ फोटो!’ म्हणतो. म्हणून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ फाइल, घ्याव्यात आणि दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमधून काढाव्यात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तेव्हा शटर १/५० सेकंदावर ठेवावा, नाहीतर एका फोटोला उजेड कमी मिळेल आणि दोष कॅमेऱ्यावर येईल. ट्रायपॉड जागचा हलवू नये, कारण अंतर बदललं की वस्तूंची एकमेकांशी मापंही बदलतात.

शेवटी राहतो आपला डोळा. दोन फोटोंपैकी किंचित उजळ असलेला सहसा जास्त आवडतो, म्हणून उजळपणा आधी सारखा करावा. आणि महागड्या कॅमेऱ्याचं नाव माहीत असलं की त्याच्याच फोटोत गुण दिसू लागतात. घरातल्या कुणाला तरी फाइलींची नावं ‘अ’ आणि ‘ब’ अशी बदलायला सांगावं, आणि कोणता फोटो कुठल्या कॅमेऱ्याचा ते आपल्याला न दाखवता लिहून ठेवायला. क्रम बदलून दहा वेळा विचारल्यावर आपला कौल पाच वेळा इकडे आणि पाच वेळा तिकडे गेला, तर त्या फोटोपुरते दोन्ही कॅमेरे सारखेच धरायचे.