भाषा समजणाऱ्या चिपांचं काय झालं?

प्रोसेसरला जावा किंवा पायथनसारखी प्रोग्रॅमिंगची भाषा कळत नाही. हा आकडा उचल, त्यात तो मिळव, तिकडे उडी मार, एवढेच हुकूम त्याला कळतात. मधली दरी कंपायलर किंवा इंटरप्रिटर, म्हणजे भाषांतर करणारा प्रोग्रॅम, भरतो. ही दरी चिपमध्येच बुजवायचे प्रयत्न मात्र बरेच जुने आहेत.

बरोज कंपनीचं बी-५००० (१९६१) हे संगणक-यंत्र अल्गोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा समोर ठेवून बांधलेलं. गणित स्टॅकवर, म्हणजे आकड्यांच्या एकावर एक रचलेल्या चळतीवर चाले: अ ठेवा, ब ठेवा, बेरीज. बेरजेच्या हुकमाला आकडे मेमरीत कुठे आहेत तो पत्ता लागत नसल्यानं तो १२ बिटांत मावे. ४८ बिटांच्या एका शब्दात असे चार हुकूम. अ‍ॅरेच्या, म्हणजे आकड्यांच्या यादीच्या, हद्दीबाहेर कोणी गेलं की हार्डवेअरच अडवे. सिम्बॉलिक्स ३६०० हे लिस्प या भाषेचं यंत्र. त्यात ३६ बिटांच्या प्रत्येक शब्दाला प्रकार सांगणारा टॅग असे आणि बेरीज चालू असतानाच तो तपासला जाई. तपासणीला वेगळा वेळ जात नसे, ही खरी हुशारी.

इंटेलचं आयएपीएक्स ४३२ (१९८१) इथेच फसलं. त्याचे हुकूम ६ ते ३२१ बिटांचे, बाइटच्या सीमेवर सुरू होतीलच असं नाही, उलगडण्यातच दमछाक. त्यात त्याचा एडा भाषेचा कंपायलर साध्या उडीनं भागेल तिथेही सुरक्षा-तपासणीवाला महागडा फंक्शन-कॉल वापरी. दोष एकट्या हार्डवेअरचा नव्हता. पुढे साध्या, वेगवान चिपा आणि हुशार कंपायलर आले आणि अख्खी भाषा सिलिकॉनमध्ये कोंबण्याची हौस फिटली.

तुकडे मात्र उरले. ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली ते घणसोलीदरम्यान फोनवर चाळलेल्या वेबपानामागेही जावास्क्रिप्ट पळत असते. तिच्यात साधा आकडा ६४ बिटांचा, अपूर्णांकही मावेल असा. बिटांची क्रिया करायची तर तो ३२ बिटांचा पूर्णांक करावा लागतो, तोही २^३२ नं भागून उरेल त्या बाकीच्या नियमानं. ४२९४९६७३०१ चे ५ व्हायला हवेत. फोनमध्ये सर्रास असणाऱ्या एआरएम जातीच्या चिपांचा नेहमीचा रूपांतराचा हुकूम मात्र कमाल मर्यादेला अडकून २१४७४८३६४७ देतो, म्हणून ब्राउझरला उत्तर तपासून दुरुस्तीचा लांबचा रस्ता धरावा लागे. एआरएमव्ही८.३ या आवृत्तीत याच नियमाचा एक स्वतंत्र हुकूम आला, नावातच जावास्क्रिप्ट असलेला.

अँड्रॉइड फोनवर टर्मिनल अ‍ॅप असेल तर प्रॉक फोल्डरमधली सीपीयूइन्फो फाइल (/proc/cpuinfo) वाचा. ‘फीचर्स’च्या ओळीत ‘जेएससीव्हीटी’ (jscvt) दिसलं, तर तो हुकूम तुमच्या चिपमध्ये आहे.